चरित्र अभिनयाची कार्यशाळा, रामबाग, इंदूर : एक अभिप्राय

इंदूरच्या मराठी माणसाला नाटक परके नाही. सानंद या संस्थेच्या नाट्यप्रयोगांना नियमाने जाणारी कुटुंबे येथे पुष्कळ आहेत आणि हौशी मंडळांची परंपराही चांगली आहे. चित्रपटातील अभिनयाचे, त्यातही नायक-नायिका सोडून उरणाऱ्या, म्हणजेच चरित्र भूमिकांचे पद्धतशीर शिक्षण मात्र गावात सहसा मिळत नाही. म्हणूनच रामबागेत शनिवार-रविवारी भरणाऱ्या या कार्यशाळेत मी नाव नोंदवले. शिकवणारे गृहस्थ कित्येक वर्षे मराठी-हिंदी चित्रपटांत चरित्र भूमिका करीत आले आहेत.

भूमिका कशी निवडावी, हा भाग सर्वांत सरस झाला. सरांनी प्रत्येकाच्या हाती संहितेची काही पाने दिली आणि आपले संवाद मोजण्यास सक्त मनाई केली. हे पात्र काढून टाकले तर कथेचे कुठे अडेल, ते या प्रवेशाआधी कोठून आले आणि समोरच्याकडून त्याला काय हवे आहे, एवढेच शोधायचे होते. एकदा पोलीस निरीक्षक गाजला की पुढे सगळे तोच गणवेश घेऊन दाराशी येतात आणि घरखर्चापायी तो पुन्हा अंगावर चढवावा लागतो, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. भूमिका नाकारायची तर तेवढी ऐपत आधी राखावी लागते, हा त्यांचा सल्ला मला फार मोलाचा वाटला.

उदाहरणेही नेमकी होती. ‘चौकट राजा’तला दिलीप प्रभावळकरांचा नंदू आणि ‘चुंबक’मधला आपल्या इंदूरच्या स्वानंद किरकिरे यांचा प्रसन्न ही दोन्ही माणसे वयाच्या मानाने बुद्धीने मागे राहिलेली आहेत, पण एकाचा अभिनय दुसऱ्याला चिकटवता येत नाही. किरकिरे यांना या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गीतकार म्हणून नाव झालेल्या माणसाने अशी भूमिका स्वीकारावी, यातच निवडीचे धाडस दिसते.

तयारीसाठी आम्हाला राजवाड्याजवळच्या कापड बाजारात पाठवले होते. गादीवर बसलेला विक्रेता मनगटाच्या एका झटक्याने ठाण उलगडतो, मीटरच्या गजावर कापड मोजतो, कडेला कात्रीने जरासा छेद देतो आणि उरलेले हातानेच सरळ फाडतो. या सर्व वेळी त्याची नजर कापडावर नसून गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर असते. एका वयस्क विक्रेत्याला मात्र फाडलेल्या कडेवरून अंगठा फिरवून सुटलेले धागे काढण्याची सवय होती. परत आल्यावर सरांनी विचारले, ‘यातले धंद्याचे काय आणि त्या माणसाचे काय?’ पात्राच्या दुःखापासून तयारीला सुरुवात करणाऱ्या आमच्यासारख्या हौशी नटांना या एका प्रश्नाने बरेच शिकवले.

चित्रपटाचे प्रसंग कथेच्या क्रमाने चित्रित होत नाहीत, त्यामुळे शेवटचा प्रसंग पहिल्याच दिवशी करावा लागू शकतो. यावर उपाय म्हणून सरांनी आपली जुनी संहिता दाखवली. प्रत्येक प्रसंगाच्या समासात पात्राला तोवर काय कळलेले आहे, ते किती थकलेले आहे आणि पिशवी कोणत्या हातात आहे, अशा बारीक नोंदी होत्या. कंटिन्युइटी, म्हणजे एका प्रसंगाचा दुसऱ्याशी मेळ, सांभाळण्याची जबाबदारी सेटवर इतरांची असली, तरी मनाची कंटिन्युइटी नटानेच सांभाळायची असते, हे ती पाने पाहून पटले.

कॅमेऱ्याच्या सत्राने मात्र निराशा केली. संख्या जास्त असल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला एकच छोटा टेक आला, आणि तो परत पाहायलाही मिळाला नाही. क्लोजअपमध्ये भुवई किती उचलली गेली हे स्वतः पाहिल्याशिवाय कोणालाही उमगत नाही, म्हणून ही उणीव मोठीच आहे. बोलीचा भागही घाईत उरकला गेला. आम्हा माळव्यातल्या मराठी मंडळींच्या उच्चारांना पुणेरी वळण देण्याकडेच कल होता. वास्तविक इंदूरचा एखादा मराठी कारकून पडद्यावर उभा करायचा झाल्यास हीच बोली आमचे भांडवल ठरेल.

मराठीबरोबर हिंदीतही समजावून दिले जाते, त्यामुळे भाषेची अडचण कोणालाच येत नाही. शुल्क इंदूरच्या मानाने थोडे चढे आहे, तरीही निवड आणि निरीक्षण या दोन सत्रांसाठी मी ते पुन्हा भरीन. रंगभूमीवर थोडेफार काम केलेल्यांना अधिक लाभ होईल. अगदी नवख्यांनी आधी एखाद्या मंडळात उभे राहावे. पुढच्या तुकडीत किती जण असतील आणि आपले चित्रीकरण आपल्याला पाहायला मिळेल की नाही, एवढे विचारून मगच पैसे भरावेत.