निदान चोख, दवाखान्याचा कारभार मात्र क्लेशदायक

माझ्या वडिलांना पार्किन्सन्सचा (कंपवाताचा) आजार आहे. साताऱ्यातील आमच्या फॅमिली डॉक्टरांनी चिठ्ठी दिल्यावर आम्ही त्यांना पुण्यातील एका नामांकित न्यूरॉलॉजिस्टकडे, म्हणजे मेंदूविकारतज्ज्ञाकडे दाखवू लागलो. दवाखान्याचे नाव देत नाही. पण पार्किन्सन्सच्या रुग्णासाठी तज्ज्ञ शोधणाऱ्या कुटुंबांना आमचा अनुभव उपयोगी पडेल, म्हणून तो सविस्तर लिहीत आहे.

डॉक्टरांच्या ज्ञानाविषयी माझी काहीही तक्रार नाही. पहिल्या भेटीत त्यांनी वडिलांना चालवून पाहिले, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर भरभर टेकवायला सांगितली, मनगट धरून हाताचा ताठरपणा तपासला आणि कागदावर दोन ओळी लिहून घेतल्या. ओळ पुढे सरकेल तसे अक्षर बारीक होत जाते, हे त्यांनी बोट ठेवून दाखवले, तेव्हा सही जुळत नाही म्हणून बँकेने परत केलेल्या चेकचा उलगडा आम्हाला झाला. इतक्या बारकाईने तपासणारा डॉक्टर मिळाला, याचे त्या दिवशी आम्हाला मोठे समाधान वाटले होते आणि म्हणूनच पुढे जे घडत गेले त्याचा त्रास अधिक झाला.

पार्किन्सन्समध्ये गोळीची वेळ किती महत्त्वाची असते, हे ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना सांगावे लागत नाही. लेव्होडोपा आणि कार्बिडोपाची गोळी, म्हणजे या आजारावरचे मुख्य औषध, आजाराच्या सुरुवातीच्या काळात दिवसभर साथ देते, पण आजार जुना होत गेला की तिचा परिणाम तीन-चार तासांत ओसरू लागतो. मग हालचाल मंदावते, पाय उचलत नाहीत, बोलणे पुटपुटल्यासारखे होते आणि पुढची गोळी लागू पडेपर्यंत माणूस परावलंबी होतो. भरपूर प्रथिने असलेले जेवण आणि गोळी एकत्र झाली, तर औषध नीट शोषले जात नाही, म्हणून जेवणाच्या वेळाही सांभाळाव्या लागतात. अशा रुग्णाला सकाळी अकराची वेळ देऊन दुपारी अडीच वाजता आत बोलावले, तर केवळ खोळंबा होत नाही, तपासणीच चुकीच्या वेळी होते. आमच्या बाबतीत हे पुन्हा पुन्हा झाले. अकराला वडील कसे असतील याचा हिशेब करून आम्ही घरून गोळी देऊन निघत असू. प्रत्यक्षात डॉक्टरांसमोर ते कधी गोळी पूर्ण उतरलेल्या अवस्थेत, तर कधी बाहेर ताटकळत असताना घेतलेल्या पुढच्या गोळीच्या भरात जात. एकदा त्यांना इतके जखडलेले पाहून डॉक्टरांनी डोस वाढवला. शेवटची गोळी कधी घेतली होती, हे त्यांनी विचारले नाही आणि आम्ही सांगू लागलो तोपर्यंत पुढच्या रुग्णाला हाक मारली गेली होती.

उशीर होण्याला कारणे असतात, हे मला मान्य आहे. एखाद्याला पक्षाघाताचा झटका आला, तर डॉक्टरांनी सगळे सोडून तिकडे धावलेच पाहिजे. परंतु आम्ही वाट पाहत असताना औषध कंपन्यांचे प्रतिनिधी बॅगा घेऊन एकामागून एक आत जात होते, आणि साहेबांना किती वेळ लागेल असे विचारले, तर स्वागतकक्षातील बाई मान वर न करता ‘बसा, नंबर आला की बोलावू’ एवढेच सांगत होत्या. अर्धा-पाऊण तास आधी जरी अंदाज मिळाला असता, तरी गोळीची वेळ पुढेमागे करता आली असती. बसायला बिनहाताच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. ज्यांना बसलेल्या जागेवरून उठणे हेच सर्वांत कठीण जाते, अशा रुग्णांच्या दवाखान्यात हाताच्या खुर्च्या असू नयेत, हे मला आजही समजत नाही. वडिलांना उठवताना आईच्या खांद्याला दर वेळी हिसका बसत असे.

सर्वांत गंभीर प्रसंग फोनवरचा आहे. डोस वाढवल्यावर वडिलांना मळमळ होऊ लागली आणि उलट्या झाल्या. या औषधाने असे होऊ शकते. आम्ही दवाखान्यात फोन केला. डॉक्टर बोलू शकत नाहीत, उलटीची नेहमीची गोळी द्या आणि पुढच्या तारखेला या, असे उत्तर मिळाले. घरात मेटोक्लोप्रमाइडची गोळी होती. देण्याआधी आईने फॅमिली डॉक्टरांना विचारले आणि त्यांनी तिला तत्काळ थांबवले. हे औषध पार्किन्सन्समध्ये मेंदूत आधीच कमी पडणाऱ्या डोपामिन या रसायनाचे कामच अडवते, त्यामुळे अशा रुग्णाला ते टाळतात. डॉम्पेरिडोन हे उलटीवरचे दुसरे औषध सहसा मेंदूपर्यंत पोहोचत नाही, म्हणून गरज पडल्यास हृदयाची स्थिती पाहून ते देतात. हा फरक स्वागतकक्षातील बाईंना ठाऊक असावा, अशी माझी अपेक्षा नाही. त्यांनी औषध सुचवू नये आणि निरोप डॉक्टरांपर्यंत पोहोचवावा, एवढीच अपेक्षा आहे. मेंदूविकारतज्ज्ञाच्या दवाखान्यात अशा फोनसाठी प्रशिक्षित माणूस नसणे, हा माझ्या मते अक्षम्य निष्काळजीपणा आहे.

फी रोखीने घेत, पावती मागितल्याशिवाय देत नसत. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचे ठरवून आम्ही जुन्या नोंदींच्या प्रती मागितल्या, तेव्हा ‘फाईल बाहेर देत नाही’ असे सांगण्यात आले. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने मागणी केल्यास वैद्यकीय कागदपत्रे 72 तासांच्या आत द्यावी लागतात. हा नियम नमूद करून वडिलांच्या सहीचा लेखी अर्ज दिला आणि त्याच्या प्रतीवर पोच मागितली, तेव्हा कुठे कागद हलले. मिळालेल्या प्रतींमध्ये डोस वाढवल्याच्या दिवशीची नोंद एका ओळीची आहे आणि तिच्यात गोळीच्या वेळेचा उल्लेख नाही.

सध्या आम्ही दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टकडे जातो. त्यांच्याकडेही थांबावे लागते, पण फोन करून किती वेळ लागेल ते विचारता येते आणि तपासणीआधी त्यांची सहायक शेवटची गोळी किती वाजता घेतली, हे केसपेपरवर लिहून घेते. गोळ्यांच्या वेळा, अंग जखडल्याच्या वेळा आणि जेवणाच्या वेळा आई एका वहीत टिपून ठेवते. नव्या डॉक्टरांनी ती वही वाचून गोळ्यांची एकूण मात्रा न वाढवता त्यांतील अंतर बदलले आणि वडील आता सकाळी स्वतःची दाढी स्वतः करतात. अशा एखाद्या दवाखान्यात जाणे कोणाला भागच असेल, तर सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी, दुपारची गोळी आणि खाणे सोबत ठेवावे, आणि आत गेल्यावर दुसरे काही बोलण्याआधी शेवटची गोळी कधी घेतली ते सांगावे.