सात आठवडे, तीन देश, एकच चार्जर : ६५ वॉटच्या गॅन चार्जरचा अनुभव

गेल्या वर्षी लंडन, झुरिक आणि जपान असा सात आठवड्यांचा प्रवास ठरला, तेव्हा कपड्यांच्या आधी मी विजेच्या वस्तू पलंगावर मांडल्या. आधीच्या प्रवासात लॅपटॉपचा विटेएवढा चार्जर, दोन फोनांचे दोन, कॅमेऱ्याचा वेगळा आणि वर एक एक्स्टेंशन बोर्ड असे ओझे आम्ही दोघांनी वाहिले होते. या वेळी कॅमेऱ्याचा चार्जर सोडून त्या सगळ्यांच्या जागी तीन पोर्टचा ६५ वॉटचा एक गॅन चार्जर, २०,००० एमएएचची एक पॉवर बँक आणि ‘सर्व देशांत चालतो’ म्हणून विकला जाणारा एक चौकोनी ॲडॉप्टर घेतला. पहिल्या दोन वस्तू मी कोणालाही निःशंकपणे सुचवेन. तिसरीवरचे पैसे वाया गेले.

गॅन म्हणजे गॅलियम नायट्राइड. सिलिकॉनच्या तुलनेत हा अर्धवाहक वीज कितीतरी अधिक वेगाने चालू-बंद करू शकतो, त्यामुळे आतला ट्रान्सफॉर्मर लहान करता येतो आणि लॅपटॉप चालवण्याइतकी ताकद साबणाच्या वडीएवढ्या आकारात मावते. मात्र ६५ वॉट हा आकडा एकाच पोर्टवर एकच उपकरण असताना खरा असतो. माझ्या चार्जरवर दुसरे उपकरण लावले की लॅपटॉपला ४५ आणि फोनला २० वॉट मिळतात, आणि नवी वायर खोचताक्षणी तो सगळ्यांचा पुरवठा क्षणभर थांबवून नव्याने वाटणी करतो. पहिल्या रात्री लॅपटॉपचे चार्जिंग असे मध्येच बंद पडलेले पाहून मी घाबरले होते. तो दोष नाही, कामाची पद्धत आहे. वायरही तपासून घ्यावी लागते, कारण साधी टाइप-सी वायर तीन ॲम्पियरपर्यंतच, म्हणजे जास्तीत जास्त ६० वॉट वाहून नेते. पूर्ण ६५ वॉट हवे असतील तर पाच ॲम्पियरची वायर लागते.

खरेदी करताना सर्वांत मोलाचा मजकूर चार्जरच्या पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत असतो : ‘इनपुट १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’. लंडनमध्ये २३० व्होल्ट असतात, जपानमध्ये १००. त्यातही विजेची वारंवारता टोकियोत ५० हर्ट्झ आणि ओसाकात ६०, कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका शहराने जर्मन जनित्रे घेतली आणि दुसऱ्याने अमेरिकी, आणि तो भेद आजवर टिकला. माझ्या चार्जरला या कशानेही फरक पडला नाही. पण ॲडॉप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही, हे लक्षात ठेवायलाच हवे. अमेरिकेत मुलांकडे जाताना हौसेने घरचा मिक्सर नेणाऱ्यांना तिथल्या १२० व्होल्टवर तो कण्हतकुंथत फिरताना पाहावा लागतो, तो याच गैरसमजामुळे.

पॉवर बँकेच्या बाबतीत एमएएचपेक्षा वॉट-तास, म्हणजे तिच्यात साठणारी ऊर्जा, पाहावेत. २०,००० एमएएच म्हणजे २० ॲम्पियर-तास, त्याला आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टने गुणले की ७४ वॉट-तास होतात. विमानात १०० वॉट-तासांपर्यंतची पॉवर बँक सहसा वेगळ्या परवानगीशिवाय नेता येते, १०० ते १६० साठी विमान कंपनीची संमती लागते, त्यापुढे मनाई आहे. आणि ती हँडबॅगेतच ठेवावी लागते, चेक-इन सामानात नाही. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात एअर बुसानच्या विमानाला आग लागल्यानंतर हे नियम ठिकठिकाणी कडक झाले : सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिल २०२५ पासून विमानात पॉवर बँकेचा वापर बंद केला, एमिरेट्सने १ ऑक्टोबरपासून. म्हणून तिकीट काढलेल्या कंपनीचा ताजा नियम वाचूनच निघावे, आणि क्षमता स्पष्ट छापलेली पॉवर बँकच घ्यावी. छपाई पुसलेली असेल तर सुरक्षा तपासणीत ती काढून घेतली जाऊ शकते. डब्यावरचे २०,००० प्रत्यक्ष हाती येत नाहीत, कारण व्होल्टेज बदलताना काही ऊर्जा उष्णतेत जाते. माझा फोन तिच्यावर साधारण अडीच वेळा भरला, आणि दिवसभर नकाशे पाहत भटकायला तेवढे पुरले.

आता ॲडॉप्टर. लंडनमध्ये तो नीट चालला. झुरिकमध्ये मात्र भिंतीवरचे सॉकेट खोलगट, षटकोनी खाचेचे होते. ॲडॉप्टरचे चौकोनी अंग खाचेच्या कडेलाच अडले आणि पिना आत टेकेनात. आम्ही पलंग सरकवून दुसरे सॉकेट शोधले, तेही तसेच. शेवटी स्वागतकक्षातून स्थानिक ॲडॉप्टर मागून आणला. टोकियोत उलटा प्रकार झाला : तिथल्या दोन चपट्या पिनांच्या सॉकेटला चार्जर आणि ॲडॉप्टर यांचे मिळून वजन पेलवेना, जोडी हळूहळू खाली झुकायची, आणि सकाळी उठून पाहावे तर फोन १७ टक्क्यांवरच. दोन रात्री चार्जरखाली जाड मार्गदर्शक पुस्तक उभे करून टेकू दिला. तिसऱ्या दिवशी दुकानातून काडेपेटीहून लहान, फक्त जपानसाठीचा ॲडॉप्टर घेतला आणि तक्रार तिथेच मिटली.

उपकरणे निवडताना सगळी टाइप-सीवर भरणारी घ्यावीत, असा माझा आग्रह आहे. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोन, टॅबलेट आणि कॅमेऱ्यांना हे पोर्ट बंधनकारक केल्यामुळे ते आता अवघड राहिलेले नाही. आमचा जुना कॅमेरा एवढाच अपवाद होता, आणि त्याच्या एकट्यासाठी नेलेला चार्जर आम्ही झुरिकच्या हॉटेलातच विसरलो. पुढचे चार आठवडे जपानमधले सगळे फोटो फोनवर काढावे लागले, याची हळहळ अजून आहे.

चौकोनी ॲडॉप्टर मी परत नेणार नाही. त्याऐवजी तीन देशांचे तीन छोटे ॲडॉप्टर घेऊन प्रत्येकावर मार्करने देशाचे नाव लिहिले आहे आणि ते चार्जरच्याच पिशवीत ठेवले आहेत.