झाडीपट्टीच्या विनोदी नटासाठी बॅन्जोलेली: घ्या, पण कातडी पानाचं नको

बॅन्जोलेली म्हणजे बॅन्जोचं गोल खोड, त्यावर तबल्यासारखं ताणलेलं पान, युकुलेलेची (छोट्या गिटारीसारख्या वाद्याची) आखूड मान, नायलॉनच्या चार तारा. दुकानात नुसतं 'बेंजो' मागाल तर बटणांचा बुलबुल तरंग हातात येईल, म्हणून पूर्ण नाव सांगा.

हे वाद्य गाजवलं इंग्लंडमधल्या विगनच्या विनोदी गायक-नट जॉर्ज फॉर्म्बीनं (१९०४–१९६१). बाप नावाजलेला विनोदी नट, पोरगा आधी जॉकी. १९२१ मध्ये बाप गेल्यावर तो रंगमंचावर आला. १९२४ मध्ये बेरिलशी लग्न झालं आणि पुढे सगळा व्यवहार तिनंच सांभाळला. दुसऱ्या महायुद्धात 'एन्सा' या सैनिकांच्या करमणुकीसाठीच्या ब्रिटिश संस्थेतर्फे तो सैनिकांपुढे गायचा, १९४४ मध्ये नॉर्मंडीतही. उभ्यानं वाजतं, तोंड मोकळं राहतं, आवाज टणक, साथीला कोणी नसलं तरी चालतं. शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) रात्री पुढचा प्रवेश लागेपर्यंत पब्लिक धरून ठेवणाऱ्या नटाला आणखी काय पाहिजे?

अडचण दवाची आहे. आपला झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकांचा, हंगाम दिवाळी ते होळी, मंडप बांधीत (धानाच्या शेतात), प्रयोग पहाटेपर्यंत. मध्यरात्रीनंतर कातडं ओल धरतं, पान सैल पडतं, घोडी (तारा पेलणारी लाकडी पट्टी) खाली बसते. मग तारा मानेवरच्या पडद्यांवर खरखरतात आणि सूर उतरतो. तबलजीला हे सांगायला नको. प्लास्टिकच्या पानाचा आवाज थोडा कोरडा, पण रात्रभर टिकतो. ताणताना कड्याचे समोरासमोरचे आकडे पाव-पाव फेरा पिळा. एकाच बाजूनं आवळलं की कडं तिरपं होतं.

घोडी चिकटवलेली नसते, प्रवासात सरकते. बाराव्या पडद्यावर दाबलेला सूर आणि तिथंच हलका स्पर्श करून काढलेला सूर जुळला पाहिजे. दाबलेला चढा लागला तर घोडी मानेपासून लांब सरकवा, उतरला तर जवळ. स्टीलच्या तारा लावू नका, मान वाकते.

पट्टी बदलायची तर फॉर्म्बी वाद्यच बदलायचा, वेगवेगळ्या पट्ट्यांत लावून ठेवलेली असत. आपल्याला कॅपो (मानेवर तारा दाबून धरणारा चिमटा) पुरे. नेहमीची जुळणी जी-सी-ई-ए, म्हणजे सोप्या बोटांनी पेटीची पांढरी एक. गाणारा काळी एकचा असेल तर कॅपो पहिल्या पडद्यावर.

माईकवर वाद्य शिटी मारतं. पानाच्या आतून हातरुमाल खोचला की शांत होतं. फॉर्म्बीचा तो दुभंग ठेका (चारही तारांवर खाली, वर येताना फक्त पहिली, परत खाली फक्त चौथी) मात्र मनगट सैल झाल्याशिवाय येत नाही. हंगामाच्या तोंडावर घेणाऱ्यानं यंदा साध्या फटक्यावरच भागवावं.