ऑपेरा आणि बॅले: मुंबईच्या पडद्यावर, घरच्या चादरीवर की खऱ्या स्टेजसमोर?

परवा पुतणीचा फोन आला, "काकाजी, मुंबईत थेटरात न्यूयॉर्कचा ऑपेरा दाखवतात म्हणे, जाऊ का पाहाले? की घरीच युट्यूबवर पाहू?" नेटवर्क तुटत होतं, अर्धंच बोलणं झालं, आणि हाच प्रश्न मला इकडच्या अजून दोघा-तिघांनी विचारलाय म्हणून सगळं एकदाच लिहून काढतो. मी ब्रह्मपुरी तालुक्यातला, धानाची शेती, लहानपणापासून मंडईतली (म्हणजे आमच्याकडच्या गावजत्रेतली) झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातली, नाटकं रात्रभर जागून पाहिलेली, तर माझी तुलना त्याच डोळ्यांनी आहे हे आधी लक्षात घ्या.

उत्तर आधीच देऊन टाकतो. ऑपेरा म्हणजे सगळी गोष्ट गाऊन सांगणारं पाश्चात्त्य संगीत नाटक, आणि बॅले म्हणजे न बोलता नाचातून सांगितलेली गोष्ट. ऑपेरा पडद्यावर बिनधास्त बघा, तिथे तो काही बाबतीत वाढतो. बॅलेसाठी मात्र पैसे साठवा आणि खऱ्या स्टेजसमोर बसा. फोनच्या स्क्रीनवर दोन्ही नको.

आता हे थेटरात दाखवणं म्हणजे काय ते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा (थोडक्यात मेट) या संस्थेनं ३० डिसेंबर २००६ ला मोझार्टचा 'मॅजिक फ्लूट' सॅटेलाइटवरून सिनेमागृहांत दाखवला, तिथून ही पद्धत वाढत गेली. आपल्याकडे मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात हे खेळ पडद्यावर दाखवतात. लाइव्ह मात्र समजू नका. तिकडचा शनिवारी दुपारी एकचा खेळ म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा, त्यामुळे आपल्याला नंतर रेकॉर्डिंगच दाखवतात. मला त्यात काही कमी वाटलं नाही, कारण प्रेक्षकांच्या टाळ्या, खोकला, वाद्यं जुळवण्याचा आवाज सगळं तसंच असतं. मधल्या सुट्टीतही कॅमेरा बंद होत नाही, पडद्यामागे जाते, तिथे सेट ओढणारी माणसं दिसतात, आत्ताच गाऊन आलेल्या बाईला घामाघूम अवस्थेत प्रश्न विचारतात आणि ती हसत उत्तर देते. वडशाच्या (झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचं गाव) कंपन्यांचं नाटक पाहताना आम्ही पोरं कनातीला भोक पाडून रंगपट बघायचो, ती हौस इथे रीतसर फिटते.

पडद्यावर ऑपेरा का वाढतो ते सांगतो. मी एनसीपीएत पहिल्यांदा व्हर्डी या संगीतकाराचा 'ला त्राव्हियाता' पाहिला, १८५३ साली व्हेनिसमध्ये पहिल्यांदा झालेला. व्हायोलेटा नावाची बाई, क्षयाची पेशंट, समाजानं बदनाम ठरवलेली, तिचं एका पोरावर प्रेम बसते, आणि दुसऱ्या अंकात त्या पोराचा बाप येऊन म्हणते की तुझ्यामुळे माझ्या मुलीचं लग्न मोडेल, तू माझ्या पोराला सोड. ते दोघांचं गाणं बराच वेळ चालते. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर होता, मी पाहिलं की वरचा सूर घ्यायच्या आधी तिच्या गळ्याची शीर फुगली, हनुवटी किंचित थरथरली, आणि सूर मात्र सरळ निघाला, तारेसारखा. हे खऱ्या ऑपेरा हाउसात बाल्कनीतून दिसणं शक्य नाही. खाली इंग्रजी सबटायटल्स, म्हणजे इटालियन येत नाही म्हणून काही अडत नाही, पण इंग्रजी भरभर वाचता येत नसेल तर गोष्ट घरूनच वाचून जा, ही पहिली अट समजा.

पण एक गोष्ट पडद्यावर हरवते, आणि ती लहान नाही. ऑपेराचे गायक सभागृहात माइकशिवाय गातात. पन्नास-साठ वाद्यांच्या वरून एकट्या माणसाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो. थेटरात तो आवाज माइकनं पकडून, सारखा करून, स्पीकरमधून येतो, लहान आवाजही मोठा वाटते आणि मोठा आवाज किती मोठा आहे ते कळतच नाही. जुने लोक सांगायचे की पूर्वी गावात स्पीकर नव्हता तेव्हा नट मंडपाच्या टोकापर्यंत आवाज फेकायचा, आता स्टेजवर माइक लटकलेले असतात आणि ती ताकद कोणाच्या ध्यानातच येत नाही, तसंच हे आहे. म्हणून एकदा तरी खरा आवाज ऐकावा असं मला मनापासून वाटते. मुंबईत चर्नी रोडजवळचं रॉयल ऑपेरा हाउस आहे, १९११ ला उद्घाटन झालेलं, १९९३ ला बंद पडलेलं आणि २०१६ ला परत उघडलेलं, तिथे बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथही गायलेत. तिथे गाण्याचा कार्यक्रम मिळाला तर सोडू नका.

आणखी एक, वन्स मोअर. आपल्या संगीत नाटकाचा हा जीव, १८८० च्या 'संगीत शाकुंतल'पासून माणूस तेच पद परत मागत आलाय. झाडीपट्टीत तर गाणं रंगलं की लोक उठून बक्षिसाच्या नोटा घेऊन स्टेजकडे जातात. सिनेमागृहात तुम्ही टाळ्या वाजवल्या तर ऐकणारा कोणी नाही. २०१९ ला मेटमध्ये हावियेर कामारेना नावाच्या गायकानं दोनिझेत्ती या संगीतकाराच्या एका ऑपेरातलं, 'सी' हा फार उंच सूर नऊ वेळा लावावा लागतो ते गाणं, तेही थेटरात थेट दिसत असताना, लोकांच्या आग्रहाखातर दुसऱ्यांदा गायलं. वन्स मोअर मिळाला, पण तो मागणारे हॉलमधले लोक होते. पडद्यासमोर बसलेल्याला ते बघायला मिळते, मागायला मिळत नाही.

आता बॅले. इथे माझं मत पक्कं आहे. 'ला बायादेर' नावाचा बॅले आहे, १८७७ चा, पेतिपा या नृत्यरचनाकारानं बसवलेला, गोष्ट भारतातल्या देवळात नाचणाऱ्या मुलीची (त्यातला भारत आपल्या ओळखीचा नाही, ते सोडून द्या). त्यात एक प्रसंग येतो, पांढऱ्या कपड्यातल्या मुली एकामागून एक उतारावरून खाली येतात, प्रत्येक जण तोच एक पाय मागे उचलते, झुकते, दोन पावलं पुढे, परत तेच, आणि ती रांग वाढत वाढत नागमोडी होऊन अख्खं स्टेज भरते. सगळी जादू त्या रांगेत आहे, धानाची रोवणी (लावणी) करणाऱ्या बाया बांधीत, म्हणजे शेतात, एका ओळीत मागे सरकतात ना, तशी. मी जे रेकॉर्डिंग पाहिलं त्यात कॅमेरा पाचव्या मुलीनंतर पहिलीच्या चेहऱ्यावर गेला आणि रांग गेली! चेहऱ्याचं काय करायचं तिथे? ऑपेरात जो क्लोजअप वरदान आहे तोच बॅलेत घात करते, पाय कापले जातात, बाजूची माणसं कापली जातात, आणि कुठे बघायचं हे तुम्ही नाही, तो कॅमेरावाला ठरवतो.

मुंबईत बाहेरून आलेल्या एका मंडळीचा 'स्वान लेक' मी समोर बसून पाहिला, तळ्याकाठच्या अंकात चोवीस पोरी एकदम थांबल्या तेव्हा बुटांच्या टोकाचा टक असा एकच आवाज आला आणि मग काहीच नाही. तो आवाज मला अजून आठवते. तिकीट महाग होतं, मागची रांग होती, तरी पैसे वसूल.

घरच्या पर्यायाबद्दल. ऑपेराव्हिजन म्हणून युरोपातल्या ऑपेरा कंपन्यांचा एकत्र उपक्रम आहे, २०१७ पासून, पूर्ण ऑपेरा आणि बॅले फुकट, युट्यूबवर, सबटायटल्ससकट. फक्त खेळ काही महिन्यांनी काढून टाकतात, म्हणून आवडला तर लगेच बघा. मी मागच्या जानेवारीत प्रोजेक्टर मागून आणला, अंगणात दोन खाटांच्या मध्ये पांढरी चादर ताणली आणि 'त्राव्हियाता' लावला. आधी मायला सगळी गोष्ट आपल्या बोलीत सांगितली. दुसऱ्या अंकात तो बाप गात होता तेव्हा माय म्हणाली, "हा बोलते गोड, पन काम वाईट करून रायला." भाषा एक अक्षर समजत नव्हती तिला. शेजारच्या दोन काकूही शेवटपर्यंत बसल्या, आणि आपली माणसं रात्री दहाला बसून पहाटे उठणारी, त्यांना तीन तास म्हणजे काहीच नाही. अडचणी दोनच आल्या, एकदा नेट गेलं ते वीस मिनिटं आलं नाही आणि नेमकं व्हायोलेटाच्या मरणाआधी, आणि दुसरं म्हणजे पुढच्या आठवड्यात बॅले लावला तर वाऱ्यानं चादर हलली की नाचणारीचा पाय वाकडा दिसायचा. बॅले दाखवायचा तर भिंत चुन्यानं पोतून घ्या.

मुंबई दूर पडते म्हणून नागपूरच्या मल्टिप्लेक्सात कधी असा खेळ लागला तर जावं का? जा, पण निघताना फोन करून विचारा. मी एकदा नागभीड, भिवापूर करत उमरेडपर्यंत पोहोचलो आणि मेसेज आला की बुकिंग कमी म्हणून शो रद्द. पैसे परत आले, दिवस गेला तो गेला. शिवाय शो रात्री उशिरा सुटला की परतीची एसटी नसते, मुक्कामाची सोय आधी बघा. त्यापेक्षा विदर्भ एक्सप्रेसनं गोंदियाहून दुपारी निघा, सकाळी मुंबईत, संध्याकाळी खेळ, असा एकच नीट दौरा केलेला बरा. तिकडचा हंगामही साधारण ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंत असतो, म्हणजे आपलं धान चुरून झालं की मोकळा वेळ आणि तो हंगाम जुळते.

आणि एक ऑपेरा असा आहे की ज्यासाठी वर्धेकडच्या माणसांनी तरी मोठा पडदा शोधावा. फिलिप ग्लास या अमेरिकन संगीतकाराचा 'सत्याग्रह', १९८० चा, गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या वर्षांवर, आणि तो गायला जातो संस्कृतात, शब्द गीतेतले. पहिलाच प्रसंग कुरुक्षेत्राचा. मेटनं तो नोव्हेंबर २०११ मध्ये सिनेमागृहांत दाखवला, गांधीजींची भूमिका रिचर्ड क्रॉफ्टची. संगीत हळू हळू त्याच त्या सुरांवरून फिरत राहते, फोनवर पाच मिनिटांत माणूस दुसरं काही उघडते, अंधारात बसलं तरच ते अंगावर चढते. सेवाग्रामच्या बापूकुटीत बसून आलेल्या माणसाला ते शब्द कुठेतरी ओळखीचे लागतील.

पुतणीला मी म्हटलं, पडद्यावरचा ऑपेरा दिसला की तिकीट काढ, दोन काढ, मायले सोबत नेजो. बॅलेचं आपण पुढच्या हिवाळ्यात तिघं मिळून बघू, समोर बसून.