नोकरीसाठी कॅम्पस मुलाखत की स्वतः अर्ज?
अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या माझ्या भाचीपुढे हा प्रश्न उभा आहे. कॅम्पसमध्ये कंपनीच महाविद्यालयात येते, त्यामुळे अभियोग्यता चाचणी, तांत्रिक मुलाखत आणि एचआर (मनुष्यबळ विभागाची) फेरी बहुधा थोडक्या दिवसांत उरकतात व प्रवासखर्च वाचतो. मात्र अनेक महाविद्यालयांत एक ऑफर स्वीकारल्यावर पुढच्या कंपन्यांच्या मुलाखतींना बसू देत नाहीत, आणि बाँडच्या (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या कराराच्या) अटी सही करण्यापूर्वीच नीट वाचाव्या लागतात. स्वतः अर्ज करताना प्रत्येक जागेसाठी बायोडेटा नव्याने जुळवावा लागतो आणि कित्येक अर्जांना उत्तरही येत नाही. पण काम आणि शहर निवडता येते, हे मला फार मोलाचे वाटते. शैक्षणिक कर्जाचा हप्ता सुरू होणार असेल, तर कॅम्पसच बरा. विशिष्ट क्षेत्राचीच ओढ आणि काही महिने थांबण्याची सोय असेल, तर स्वतः अर्ज करावेत.