डेंट ओढायचं किट: आठ महिन्यांनंतर

नोव्हेंबरात मागवलं, आता जुलै सुरू आहे. या काळात स्वतःच्या गाडीवर चार आणि सोसायटीतल्या काकांच्या गाडीवर एक, असे पाच पोचे (डेंट) मी या किटने काढले किंवा काढायचा प्रयत्न केला. दोन जवळजवळ दिसेनासे झाले (त्यातला एक शेवटी कारागिराच्या हातून), एक निम्मा राहिला, एक बिघडवला आणि एकात थेट रंगच उपटून हातात आला. पुढचं सगळं या हिशेबाला धरून वाचा.

गाडी आठ वर्षांची, मरून रंगाची हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली. किट साधारण अकराशेला पडलं. त्यात एक पूल ओढणी (दोन पायांची चौकट आणि मधे फिरकी), एक सरकता हातोडा, वीसेक प्लास्टिकच्या टॅब, ग्लू गन, काड्या, एक प्लास्टिकची छिन्नी आणि स्प्रेची रिकामी बाटली. पोच्यावर गरम ग्लूने टॅब चिकटवायची, ग्लू निवला की ओढणीने खेचायची, पत्रा बाहेर येतो. जाहिरातीत हे सगळं अर्ध्या मिनिटात होतं. मला पहिल्या पोच्याला अख्खा रविवार लागला.

पण किट घ्यावंच का वाटलं, तर विमा. ड्रायव्हरच्या दारावर स्कूटरच्या हँडलने रुपयाएवढा पोचा पाडला होता. गॅरेजवाल्याने दार रंगवायचे साडेतीन हजार सांगितले आणि वर म्हणाला, "क्लेम टाका की." घरी येऊन कागद काढले. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे 1000 रुपये सक्तीने आपले जातात. म्हणजे कंपनी देणार फार तर अडीच हजार. माझा नो क्लेम बोनस 50 टक्के, पाच वर्षं क्लेम न करता जमवलेला. ही सवलत मिळते फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यावर, आणि माझा तो हप्ता या सवलतीआधी सुमारे सहा हजार. एक क्लेम केला की नूतनीकरणाला बोनस शून्य. पहिल्याच वर्षी तीन हजारांचा फटका, पुढच्या वर्षी 20 टक्क्यांपासून पुन्हा सुरुवात, म्हणजे आणखी अठराशे. अडीच हजारांसाठी हा उद्योग कोण करेल? बोनस वाचवणारं ॲड-ऑन घेतलं असेल तर गणित बदलेल, माझ्याकडे ते नव्हतं.

आणि रंगवून घ्यायचं म्हणजे फॅक्टरीचा रंग घालवायचा. कारखान्यातून येताना पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि वर क्लिअर कोट असतो. हे सगळं मिळून मिलिमीटरचा दहावा भाग, थोडं इकडेतिकडे. भट्टीत भाजलेला असल्याने तो जसा धरून राहतो तसा गॅरेजमधल्या लांबीवर (पुट्टीवर) मारलेला रंग सहसा राहत नाही. म्हणून पोचा उथळ असेल आणि रंग फाटला नसेल तर तो रंग वाचवण्यासाठी धडपड करावी, असं माझं मत. रंगाला चीर गेली असेल तर हे किट विसरा. आधी टच-अप लावून पत्रा झाका, नाहीतर पावसाळ्यात गंज आत शिरेल.

पहिल्या रविवारी मी सात वेळा टॅब लावली, सातही वेळा ती टक्कन निघून आली. पत्रा जागचा हलला नाही. नंतर कारणं कळली. एक तर पार्किंगमध्ये सकाळी साडेसातला गाडी गार पडलेली, ग्लू लागल्या लागल्या कडक होऊन सुटत होता. दुसरं म्हणजे गाडीवर वॅक्स होतं आणि मी नुसतं फडक्याने पुसून कामाला लागलो होतो. तिसरं, टॅब इतकी दाबून लावत होतो की खाली ग्लू उरतच नव्हता. टॅबखाली दीडेक मिलिमीटर ग्लू राहिला पाहिजे. पुढे मे महिन्यात याच्या उलट झालं. उन्हात तापलेल्या बॉनेटवर ग्लू घट्टच होईना, च्युइंगगमसारखा लांबत गेला. एकूण, हाताला पत्रा ना गार ना गरम लागेल अशी वेळ साधावी. पुण्यात ती डिसेंबरात अकराच्या सुमारास आणि मेमध्ये सकाळी सहाला येते. थंडीत बायकोचा हेअर ड्रायर मिनिटभर फिरवला की काम होतं. (ड्रायर परत जागेवर ठेवावा. यावर वेगळा अनुभव लिहिता येईल.)

किटमधली ग्लू गन दुसऱ्या महिन्यात टाकून दिली. ती तापायलाच वीस मिनिटं घेते आणि दोन टॅबनंतर थंड पडते. पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून जास्त वॅटची गन, चांगल्या काड्या आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली आणली. तेव्हापासून फरक पडला. हे अल्कोहोल दोन्ही कामांचं आहे. लावण्याआधी पत्रा पुसायला आणि नंतर ग्लू सोडवायला. ग्लूच्या कडेला दोन थेंब सोडले, दहा सेकंद थांबलं की अख्खी चकती सालीसारखी निघते. नखाने किंवा सुरीने खरवडू नका. मी एकदा खरवडलं, तो ओरखडा पोच्यापेक्षा जास्त दिसतो.

आता बिघडवलेल्या पोच्याबद्दल. मागच्या दाराचा पोचा पहिल्या तीन ओढींत छान वर आला. थोडंच उरलं होतं. तिथे थांबलो असतो तर बरं झालं असतं, पण मी फिरकी आणखी दोन फेरे दिली. बायको खाली आली, हात फिरवून म्हणाली, "आधी खड्डा होता, आता टेकाड आलंय." खरं होतं. टेकाड खड्ड्यापेक्षा वाईट दिसतं, कारण उजेड त्याच्या टोकावर चमकतो.

तेव्हा जरा वाचलं, विचार केला. दाराचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाड. पोचा पडतो तेव्हा मधलं धातू आत जातं आणि कडेने एक बारीक कडं वर उचललं जातं. नुसतं बघून ते कळत नाही, बोटांना कळतं. मधला भाग बऱ्याच वेळा आपण होऊन बाहेर यायला बघत असतो, त्याला हे कडं अडवून धरतं. म्हणून नुसतं मधे ओढत राहिलं की मधे टोक निघतं आणि कडं तसंच राहतं. खरी रीत म्हणजे थोडं ओढायचं, मग प्लास्टिकची छिन्नी कड्यावर टेकवून हलक्या हातोडीने ठोकायचं, पुन्हा थोडं ओढायचं. मी छिन्नी तोपर्यंत पिशवीतून काढलीही नव्हती. कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यावर ठोके देत मठार काम करणाऱ्या माणसाचा हात आठवा. एक ठोका दुसऱ्यापेक्षा जोरात पडत नाही. फरक एवढाच की त्यांच्या ठोक्यांचे ठसे दिसले तर भांड्याची किंमत वाढते, आपले दिसले तर माती.

बघायचं कसं, हे या सगळ्यात अवघड निघालं. समोरून पाहिलं तर पोचा दिसत नाही, तिरपं पाहावं लागतं, आणि तेही पत्र्याकडे नाही, पत्र्यातल्या प्रतिबिंबाकडे. मी पट्ट्यापट्ट्यांची चादर दोरीवर टांगून गाडी तिच्या शेजारी लावली. दारात पट्टे सरळ दिसले तर पत्रा सपाट; जिथे पट्टे आत ओढले जातात तिथे खड्डा, फुगतात तिथे टेकाड. मरून रंगावर हे स्वच्छ दिसतं. काकांच्या पांढऱ्या गाडीवर पट्टे इतके फिके पडले की मी अर्धं काम चाचपूनच केलं. निम्मा राहिलेला पोचा तोच. काका समाधानी आहेत, मी नाही.

रंग उपटला तो मागच्या डाव्या फेंडरवर. पहिलीच ओढ, कागद फाटल्यासारखा आवाज आणि टॅबबरोबर पाच रुपयाएवढा रंग. खाली पत्रा नव्हताच, पिवळसर लांबी होती. गाडी विकणाऱ्याने "कुठेही काम झालेलं नाही" असं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. असो. आता सेकंडहँड गाडीवर हात घालण्यापूर्वी मी फ्रिजवरचं पातळ चुंबक फडक्यात गुंडाळून फिरवतो. जाड लांबीवर ते धरत नाही. ज्या भागाला आधी रंगकाम झालंय, तिथे ग्लू लावूच नका.

बंपरवर हे किट वापरायची गरज नाही. तो प्लास्टिकचा. उकळतं पाणी ओतलं की तो मऊ पडतो, आतून हात घालून ढकललं की पोचा बाहेर. हातमोजे घाला. व्हिडिओ पाहून हाच प्रयोग लोखंडी दारावर करणारे बघितले आहेत. दार स्वच्छ होतं, एवढंच.

पाचवा पोचा मागच्या दाराच्या कडक रेषेवर बसला होता, जिथे पत्रा दुमडलेला असतो. दोन ओढींत काही हललं नाही तेव्हा रंग न करता पोचे काढणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. त्याने माझं टेकाडसुद्धा पाहिलं आणि विचारलं, "साहेब, घरी ओढलंत ना?" काचेच्या फटीत पाचर घालून वाकड्या टोकाची सळई आत सोडली, समोर एलईडीची पट्टी धरली आणि चाळीस मिनिटं एक शब्द न बोलता आतून दाबत राहिला. ठोकलं फार कमी, बघितलं जास्त. दोन्हींचे मिळून अठराशे घेतले. रेष नव्वद टक्के जुळली. टेकाडही बसवलं, पण तिथल्या पत्र्याला जरा ढिलेपणा आलाय, अंगठ्याने दाबलं की टिक् वाजतं. ते तसंच राहणार म्हणाला, जास्त ओढल्याने पत्रा ताणला गेलाय.

सध्या वापरात आहेत ती पूल ओढणी, छिन्नी आणि नऊ टॅब, बाकीच्या चिरल्या. सरकता हातोडा नवशिक्याने हातात घेऊ नये, त्याचा एक झटका म्हणजे थेट टेकाड. रुपया-दोन रुपयांएवढा, उथळ, गोलसर, मूळ रंगावरचा आणि रेषेपासून चार बोटं लांबचा पोचा असेल तरच मी आता पिशवी उघडतो. पाच पैकी तीन तारे. दोन तारे गनचे कापले. टेकाडाचा तारा कुणाचा कापायचा ते बायकोने सांगितलंय.