सेबू, कालिबो की इलोइलो? बाळ येशूच्या उत्सवाला नेमकं कुठे जावं

फिलिपिन्सला जानेवारीत जायचं ठरवणाऱ्यापुढे एक पेच असतो. सेबूचा सिनुलोग आणि कालिबोचा आती-आतिहान या दोन्हींचा मुख्य दिवस एकच, जानेवारीचा तिसरा रविवार. गावं वेगळ्या बेटांवर, देव मात्र एकच: सांतो निन्यो, म्हणजे बाळ येशू. त्याच्या पुढच्याच रविवारी इलोइलोत त्याच देवाचा दिनाग्यांग. 2027 मध्ये हे रविवार 17 आणि 24 जानेवारीला येतात.

देवाच्या ओढीने जाणार असाल, तर सेबू. 1521 च्या एप्रिलमध्ये स्पेनच्या मोहिमेवर आलेल्या दर्यावर्दी मॅगेलनने इथल्या राजा हुमाबोनच्या राणीला बाप्तिस्म्याच्या वेळी बाळ येशूची मूर्ती दिली. ('राजा' हा आपलाच शब्द, स्पॅनिश जहाजांच्या कितीतरी आधी तिथे पोचलेला.) त्याच महिन्यात, 27 तारखेला, मॅगेलन माक्तानच्या लढाईत मारला गेला. मूर्ती मात्र राहिली. 44 वर्षांनी स्पॅनिश सेनानी लेगास्पीची माणसं आली, तेव्हा जळालेल्या वस्तीतल्या एका घरात एका शिपायाला ती पेटीत सापडली. आज ती सांतो निन्योच्या बॅसिलिकेत, म्हणजे इथल्या मोठ्या चर्चमध्ये आहे. तिच्यापुढे लोक नाचतात ती चाल दोन पावलं पुढे, एक पाऊल मागे अशी. 'सुलोग' म्हणजे पाण्याचा प्रवाह, त्यावरून सिनुलोग. दिंडीतली पावली पाहिलेल्या माणसाला ही चाल परकी वाटणार नाही.

पण सेबूत रविवारच्या मिरवणुकीवरच सगळी भिस्त ठेवू नका. ती भव्य असते, लाखोंची गर्दी लोटते, वेशभूषा डोळे दिपवते. तरी तिचं हे रूप 1980 नंतर घडलेलं आहे. त्यात स्पर्धा आहे, बक्षिसं आहेत आणि तुम्ही कठड्याच्या अलीकडे उभे. सेबूचं खरं काळीज आधीच्या नोव्हेनात, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनांत आहे. शुक्रवारी मूर्ती शेजारच्या मांदाउए शहरात मुक्कामाला जाते आणि शनिवारी पहाटे सजवलेल्या नौकांच्या ताफ्यातून समुद्रमार्गे परत येते. दुपारी शहरातून मोठी धार्मिक मिरवणूक निघते. बॅसिलिकेजवळ मेणबत्त्या विकणाऱ्या बायका असतात. तुम्ही मेणबत्ती घेतली की त्या तुमच्यासाठी, तुमच्या माणसांची नावं घेत, तीच दोन पुढे एक मागेची पावलं टाकतात. 'पित सेन्योर!' हा जयघोष म्हणजे देवाला घातलेली हाक. माझ्या मते सेबूला जाण्याचं सगळ्यात मोठं कारण या बायका आहेत, आणि त्या वर्षभर तिथे असतात. म्हणजे जानेवारी हुकला तरी सेबू हुकत नाही.

नुसतं बघायचं नसेल, नाचायचं असेल, तर कालिबो. पानाय बेटावरच्या आकलान प्रांतातलं हे तुलनेने लहान गाव. बघणारा आणि नाचणारा यांच्यात इथे भिंत नाही. ढोलपथक पुढून गेलं की मागे जाऊन मिसळायचं, पाय घासत चालायचं. या नाचाला 'सादसाद' म्हणतात आणि आरोळी 'हाला बिरा!' कॅथेड्रलमध्ये लोक रांगेत उभे राहतात आणि बाळ येशूची मूर्ती त्यांच्या अंगावरून, दुखऱ्या भागांवरून फिरवली जाते. दुखणं उतरावं म्हणून. बाहेर ढोलांचा दणदणाट आणि आत ही शांत रांग. दोन्ही पाहिल्याशिवाय कालिबो पुरं होत नाही.

कालिबोबाबत एक गोष्ट मनात ठेवूनच जावं. आती हे पानायचे मूळ रहिवासी, सावळे, कुरळ्या केसांचे. 'आती-आतिहान' म्हणजे आतींसारखं होणं, आणि त्यासाठी लोक तोंडाला काजळी फासतात. बोर्निओहून आलेल्या दातूंनी, म्हणजे टोळीप्रमुखांनी, आतींकडून सोन्याच्या टोपीच्या बदल्यात सपाट जमीन घेतली आणि त्या मैत्रीच्या आठवणीत हा वेश, अशी कथा सांगतात. इतिहासकार या कथेला पुरावा मानत नाहीत. खऱ्या आतींच्या वाट्याला मात्र जमीन गमावणं आणि उपेक्षाच जास्त आली आहे. म्हणून मी म्हणेन, नाचा, पण काजळी लावू नका. नाचायला तिची गरज नाही.

इलोइलोचा दिनाग्यांग तिघांत सगळ्यात बांधीव. 1968 मध्ये सेबूहून मूर्तीची प्रतिकृती इथल्या सान होसे चर्चमध्ये आली, तिथून याची सुरुवात. आतींच्या वेशातली पथकं महिनोन्‌महिने सराव करून उतरतात. भाले, ढाली, रचना, ढोलांचा ठोका सगळं एकजीव. लहान मुलं किंवा वयस्क आईवडील बरोबर असतील तर हेच निवडा: बसून नीट बघता येतं. इलोइलोला 2023 मध्ये युनेस्कोने खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून मान दिला. मात्र तिथल्या प्रसिद्ध बाचोयमध्ये, म्हणजे नूडल्सच्या सूपमध्ये, डुकराचं मांस असतं. शाकाहारी माणसाने तिन्ही ठिकाणी जपून राहावं, कारण भाजीतसुद्धा माशाचा रस किंवा कोळंबीची पेस्ट पडते. फळं, भात, केळीच्या पानात गुंडाळलेला चिकट भाताचा 'सुमान' यांवर दिवस निभतो.

एकच जागा निवडायची सक्तीही नाही. जून 2025 पासून भारतीय पर्यटकांना 14 दिवस व्हिसाशिवाय राहता येतं (निघण्याआधी नियम तपासून घ्या). कालिबो आणि इलोइलो एकाच बेटावर आहेत, बसने काही तासांचा रस्ता. तिसरा रविवार कालिबोत, मधला आठवडा जवळच्या बोराकायच्या किनाऱ्यावर, चौथा रविवार इलोइलोत. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी हाच बेत सुचवीन.

गोव्यात कोलव्याला ऑक्टोबरात मेनिनो जेजूची फामा, म्हणजे जत्रा, भरते. बाळ येशूपुढची ती रांग ज्यांच्या घरची आहे, त्यांनी मात्र माझा बेत बाजूला ठेवून सेबू धरावं. गुरुवारी पोचा, शुक्रवार-शनिवार मूर्तीबरोबर राहा. रविवारी गर्दी सोसली नाही तर सकाळीच निघालात तरी चालेल.